पहाटे इंजिन स्टार्ट घेत नाही? जुन्या बोटीच्या डिझेल इंजिनाची थंडीतली तपासणी

कोकणातली थंडी डिझेल इंजिनाच्या हिशेबात थंडीच नव्हे. जानेवारीत रत्नागिरी-मालवणकडे पहाटे पारा १८-१९ अंशांवर असतो, उत्तरेला सातपाटी-डहाणूला एखाद्या रात्री १५ च्या आसपास उतरतो. एवढ्या गारव्यात धडधाकट इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू व्हायला हवं. ऑक्टोबरपर्यंत ठीक चाललेलं इंजिन डिसेंबरात अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारायला लावत असेल, तर बिघाड आधीपासूनच आत होता; थंडीने फक्त त्याची चहाडी केली.

चहाडी कशी होते ते आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापते आणि त्यात मारलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. इंजिन हळू फिरलं, तर दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णता गार लायनर-हेडमध्ये (सिलिंडरची भिंत आणि वरचं झाकण) जिरते. त्यात ४० नंबरचं ऑइल ३० अंशांच्या मानाने १५ अंशांना दुपटीहून जास्त घट्ट होतं, म्हणजे सेल्फवर ओझं वाढतं, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद थोडी उतरलेली असते. दुपारी या तिन्ही गोष्टी निभावून जातात, पहाटे जात नाहीत.

हा लेख जुनी बोट नव्याने घेतलेल्यांसाठी आणि इंजिनाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी आहे. लेलँडची सहा सिलिंडर इंजिनं किंवा तशीच ट्रकच्या घराण्यातली, थेट इंजेक्शनची, हीटर प्लग (स्टार्टआधी सिलिंडर तापवणारा प्लग) नसलेली इंजिनं डोळ्यांसमोर आहेत. हीटर प्लगवाल्या छोट्या इंजिनांचं वेगळं सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

- मल्टिमीटर. शक्य असेल तर डीसी क्लॅम्प मीटर. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, ते इथे निरुपयोगी. घेताना डीसी अँपिअरची खूण पाहूनच घ्या.
- बॅटरीचं हायड्रोमीटर
- खडू आणि व्हिडिओ काढणारा मोबाईल
- डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी, साधारण एक मीटर, दोन क्लिपांसह
- बॅन्जो बोल्टचे (डिझेलच्या पाइपाचा जोड धरणारा पोकळ बोल्ट) आणि नोझलखालचे नवे कॉपर वॉशर
- फिलर गेज, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, स्वच्छ काचेची बरणी
- इंजिनाचं मॅन्युअल, आणि पावसाळ्यात पंप-नोझलचं काम केलं असेल तर त्याची पावती किंवा कॅलिब्रेशनचा कागद. जुनी बोट घेताना हा कागद आधीच्या मालकाकडून मागून घ्या, बोटीच्या कागदपत्रांइतकाच तो उपयोगी पडतो.

आधी दोन सावधगिऱ्या

एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असेल, तर लांबलचक सेल्फ मारताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. इंजिन न पेटता फिरत राहिलं तरी पंप पाणी ढकलतच असतो. ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, म्हणून पाणी मफलरमध्ये साचून उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन लागताक्षणी मात्र व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर कोरडा फिरणारा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. एका माणसाला त्या व्हॉल्व्हपाशीच बसवा. कोरडा एक्झॉस्ट आणि कील कूलिंग (बोटीच्या तळाला लावलेल्या पाइपांतून इंजिनाचं पाणी गार करणं) असलेल्यांना ही भीती नाही.

दुसरी: सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मध्ये दोन मिनिटं थांबा.

१. पहिला गार स्टार्ट नीट पाहा

रात्रभर बंद असलेल्या इंजिनाचा पहिला स्टार्ट हीच खरी परीक्षा. त्यानंतर इंजिन कोमट होतं आणि पुरावा नाहीसा होतो, म्हणून मेकॅनिकला दुपारी बोलावून फारसं हाती लागत नाही.

क्रँक पुलीवर खडूची रेघ मारा, स्टॉप लिव्हर ओढून ठेवा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि दहा सेकंद सेल्फ मारताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या. व्हिडिओ संथ करून रेघ किती वेळा वर आली ते मोजा आणि सहाने गुणा. २५ वेळा आली तर मिनिटाला १५० फेरे. जुन्या इंजिनाला साधारण एवढे तरी लागतात, २०० असतील तर छान. शंभराच्या खाली गार इंजिन पेटण्याची आशा धरू नका.

मग स्टॉप लिव्हर सोडून पुन्हा सेल्फ मारा आणि एक्झॉस्टकडे पाहा.

फेरे कमी असतील तर धूर कसाही असो, पायरी २, ३ आणि ४ आधी करा. फेरे भरपूर पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही: पायरी ५. फेरे भरपूर आणि पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: पायरी ६ आणि ७. लोक चुकतात ती इथेच. पांढरा धूर दिसत असताना फिल्टर बदलतात आणि धूरच नसताना नोझल काढून दुकानात नेतात.

२. बॅटरी

रात्रभर काहीही न चालवता ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ च्या वर व्होल्टेज हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. चार्जिंग थांबल्या थांबल्या मोजाल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विसंबू नका. हायड्रोमीटरने सगळे सेल तपासा. पूर्ण चार्जचा आकडा बॅटरीच्या बनावटीप्रमाणे १२४० ते १२८० च्या दरम्यान असतो, पण त्यापेक्षा सेलासेलांतला फरक बोलका. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० अंकांनी खाली असेल तर ती बॅटरी संपली.

मग सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच मीटर लावून वाचा, क्लँपवर नको. १२ व्होल्टच्या सिस्टीमला दहाच्या आसपास, २४ ला वीसच्या आसपास टिकायला हवं. ९.६ किंवा १९ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अवाजवी करंट खातोय.

२४ व्होल्टच्या बोटींवर एक खास आपल्याकडचा घोटाळा आढळतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, आणि जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, दिवा अशा १२ व्होल्टच्या वस्तूंना त्यातल्या एकाच बॅटरीवरून टॅप मारलेला असतो. ती बॅटरी रात्रभर उतरते. सकाळी अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्यात भरलेली बॅटरी जास्त उकळते आणि उतरलेली उपाशीच राहते. दोन्ही वर्षभरात जातात. मग एकच नवी आणतात, ती जुनीच्या जोडीला लावतात आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच. दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळं व्होल्टेज मोजा. ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी टॅप काढा. १२ व्होल्टच्या सामानाला वेगळी बॅटरी किंवा २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीनेच.

इंजिन चालू असताना चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट, म्हणजे २४ ला २७.६ ते २८.८, मिळतंय का तेही पाहून घ्या.

३. वायर, लग आणि अर्थ

जुन्या बोटीत नव्या बॅटरीचे पैसे वाया जातात ते याच पायरीमुळे. खाऱ्या हवेत वायर बाहेरून काळीभोर आणि धड दिसते, पण लगपाशी (वायरच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं) रबर सोललं की आत तांब्याला हिरवा कळंक चढलेला असतो. तसली वायर दिवे पेटवेल, हॉर्न वाजवेल, पण सेल्फला लागणारे काहीशे अँपिअर तिच्यातून जाणार नाहीत.

बघून हे कळत नाही, मोजावं लागतं, आणि मोजायचं ते सेल्फ फिरत असतानाच.

- मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारा. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत गळतंय. १२ व्होल्टला ०.५ पर्यंत चालेल.
- आता काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. इथे ०.३ पर्यंत.

त्याहून जास्त आलं तर एकेक जोड पकडत जा: खुंट ते क्लँप, क्लँप ते लग, मेन स्विचची एक बाजू ते दुसरी, सोलेनॉइडचा (सेल्फवरचा करंट जोडणारा स्विच) एक जाड बोल्ट ते दुसरा. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष. मेन स्विच आणि इंजिन ब्लॉकवरचा अर्थचा बोल्ट हे दोघे नेहमीचे गुन्हेगार. अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो, कारण पावसाळ्यात इंजिन रंगवताना लगसकट रंगवलेलं असतं. बोल्ट काढा, ब्लॉकची जागा चकचकीत घासा, लग घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून आवळू नका.

लग हातोडीने ठोकून बसवलेला असेल तर तो कापून टाका. कथील चढवलेल्या तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या. साधी कितीही जाड घेतली तरी खार तिच्या पोटात शिरतो. सहा सिलिंडरला ७० चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. बॅटरी लांब केबिनखाली असेल तर ९५.

४. सेल्फ

बॅटरी ठीक, वायर ठीक, सेल्फच्या बोल्टवर पुरेसे व्होल्ट पोचतायत, तरीही फेरे कमी: आता सेल्फवर संशय घ्यायचा, त्याआधी नाही.

क्लॅम्प मीटरने करंट पाहा. करंट कमी आणि फेरेही कमी असतील तर कार्बन ब्रश झिजलेत, कम्युटेटर काळा पडलाय किंवा सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत. करंट जास्त आणि फेरे कमी असतील तर बुश झिजून आर्मेचर घासतंय, वाइंडिंग शॉर्ट आहे किंवा इंजिनच जड फिरतंय. शेवटचं ओळखायला बारने इंजिन हाताने फिरवा. गिअर न्यूट्रलला आहे ना, लिव्हर नव्हे तर गिअरबॉक्सवरची आर्म खरोखर मधल्या खाचेत आहे ना, ते पाहा. केबल ताणली गेलेली असली की केबिनमध्ये न्यूट्रल आणि खाली अर्धवट गिअर असं होतं. हाताने फिरवताना इंजिन एकाच जागी कडक अडत असेल तर जोर लावू नका आणि सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असण्याची शक्यता आहे. नोझल काढून मगच फिरवा.

सेल्फ काढलाच तर फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरचे दात पाहून घ्या, आणि वाइंडरला ब्रशसोबत बुशही बदलायला सांगा.

५. रात्रीत उतरलेलं डिझेल

लक्षण ठरलेलं असतं: पहाटे लांब सेल्फ मारावा लागतो, सुरुवातीला धूर नाही, मग एकदम पेटतं, जरा लडखडतं आणि दिवसभर उत्तम. दिवसा बंद करून लगेच लावलं तर चुटकीसरशी लागतं. रात्रीत कुठून तरी हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरतं.

खात्री अशी करा. पहाटे सेल्फला हात लावण्यापूर्वी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हाताचा लिव्हर ३०-४० वेळा मारा आणि मग स्टार्ट करा. लगेच लागलं तर निदान झालं. लिव्हर पोकळ लागत असेल, जोरच येत नसेल, तर कॅमचा उंचवटा नेमका पंपाखाली आलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. हे माहीत नसल्याने चांगले फीड पंप बदलले जातात.

हवा शिरते ती टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या ओढीच्या बाजूला. तिथे गळती असली तरी डिझेलचा थेंब बाहेर दिसत नाही, कारण पाइप बाहेरची हवा आत ओढतो. ओला डाग शोधत बसलात तर सापडणारच नाही. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले की एकेक जोड मागे टाकीकडे सरकत जा. पाण्याच्या सेपरेटरचा वॉशर, काचेच्या भांड्याची रबरी रिंग, बॅन्जोचे कॉपर वॉशर, कडक झालेली रबरी नळी आणि टाकीतला चिरलेला सक्शन पाइप, या क्रमाने पाहा. शेवटचा टाकी भरलेली असताना त्रास देत नाही, अर्ध्याखाली गेली की देतो. कॉपर वॉशर पुन्हा वापरू नका. फारच अडलात तर लालबुंद तापवून गार करून एकदा चालवून घ्या.

सेपरेटरमधून बरणीभर डिझेल काढून तासभर ठेवा. तळाशी पाणी किंवा काळपट-तपकिरी साय दिसली तर टाकी साफ करणं टळत नाही.

एअर काढण्याचा क्रम: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट एक आटा सैल करून सेल्फ मारत. फेसाऐवजी स्वच्छ धार आली की आवळा. त्या फवाऱ्यापुढे हात धरू नका, दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.

६. नोझल आणि पंप

नोझल घरी तपासायच्या भानगडीत पडू नका. पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर प्रत्येकाचा दाब आणि फवारा तुमच्यासमोर पाहा. दाब मॅन्युअलप्रमाणे हवा, जुन्या इंजिनांत तो बहुधा १७५ ते २२५ बार असतो. फवारा धुक्यासारखा हवा आणि थांबताना चटकन तुटायला हवा. टोकाशी थेंब लोंबकळला तर ती नोझल गेली.

बसवताना भोकात टॉर्च मारून जुना कॉपर वॉशर तळाशी चिकटलेला नाही ना पाहा. त्याच्यावरच दुसरा बसला की नोझल वर उचलली जाते, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नोझल नवी असूनही पांढरा धूर तसाच.

पंपाच्या टायमिंगला कधी हात लावायचा? पावसाळ्यात पंप उतरवला होता आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर. उशिरा लागलेलं टायमिंग गार इंजिनात हमखास पांढरा धूर देतं. पंप उतरवलाच नसेल तर टायमिंग सोडून द्या. काही जुन्या लाइन पंपांना थंडीत जास्त डिझेल सोडणारं बटण किंवा कळ असते. वर्षानुवर्षं न दाबल्याने ती गंजून अडकलेली असते, मॅन्युअलमध्ये शोधा.

हीटर प्लगवाल्या छोट्या इंजिनांत मात्र या पायरीआधी प्लग तपासा. वायर काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजा, बहुतेकांत तो एक ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर प्लग मेला. चारांपैकी दोन मेले तरी इंजिन दुपारी लागतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचा बेंड एकदा उघडून पाहा. बेंडमध्ये काजळी आणि मीठ साचून भोक निम्मं झालेलं असू शकतं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आहे का आणि डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली नाही ना, एवढं पाहिलं की पुढे.

७. कॉम्प्रेशन

फेरे पुरेसे, डिझेल स्वच्छ, नोझल तपासलेल्या, तरीही पांढरा धूर आणि उशीर: आता कॉम्प्रेशन. पण गेज लावण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, सेट करा. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की गॅप कमी होत जाते, शेवटी व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि हवा तिथून निसटते. गॅप मॅन्युअलमधली घ्या, गार इंजिनावर की गरम इंजिनावर तेही तिथे लिहिलेलं असतं. तासाभराचं काम आहे. ते न करता हेड उतरवणं म्हणजे आंधळेपणाने खर्च करणं.

गेज डिझेलचं हवं, पेट्रोल इंजिनाचं फुटेल. बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा, प्रत्येक सिलिंडरला तितकेच सेकंद सेल्फ मारा आणि आकडे लिहून ठेवा. एकूण आकडा मॅन्युअलशी ताडा, पण सिलिंडरांमधला फरकही पाहा. तो १५ टक्क्यांहून जास्त नसावा. शेजारशेजारचे दोनच खाली असतील तर हेड गॅस्केटवर संशय. एकच खाली असेल तर त्यात चहाचा अर्धा चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा-लायनर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. ऑइल जास्त ओतू नका, ते पाण्यासारखंच दाबलं जात नाही. सगळेच सारखे खाली असतील तर इंजिन झिजलंय. चालू इंजिनाच्या ऑइल भरायच्या टोपीतून भसभसा धूर येत असेल तर ती त्याचीच साक्ष.

अशा वेळी बाजारातल्या स्टार्टिंग स्प्रेचा मोह होतो. स्प्रे पिस्टन वर पोचण्याआधीच पेटतो, रिंगा आणि त्यांच्या खाचांमधल्या भिंती मोडतो. हीटर प्लगवाल्या इंजिनात तर तो इनटेकमध्येच भडकू शकतो. इनटेकपुढे पेटता बोळा धरण्याची जुनी युक्तीही डिझेलने माखलेल्या इंजिन रूममध्ये करायची नसते.

झिजलेल्या इंजिनावर हंगाम काढायचा असेल तर फेरे वाढवणं हा एकच सरळ मार्ग: भरलेल्या बॅटऱ्या, जाड वायर, दुरुस्त सेल्फ. १२० चे १८० फेरे झाले की अशी इंजिनंही बऱ्याचदा पहाटे लागतात. दर आठवड्याला लागायला किती सेकंद लागले आणि किती ऑइल टाकावं लागलं ते वहीत लिहा. सेकंद वाढत असतील तर रिंगा-लायनरचा संच आणि मशीनशॉपची तारीख मे महिन्यातच ठरवून ठेवा. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की सगळ्या बंदरांची इंजिनं एकदमच उघडतात.